पानफुटी, वर तांब्याभर पाणी

मधुमेह झाला म्हटलं की लोक हळहळतात. रक्तदाब वाढला म्हटलं की सल्ला देतात. मुतखडा झाला म्हटलं की मात्र रोप देतात. कुंडीसकट देतात, आणि ‘पैसे विचारू नका, नाहीतर गुण येत नाही’ असं बजावून देतात.

माझ्या डाव्या मूत्रवाहिनीत सहा मिलिमीटरचा खडा अडकलाय, असं सोनोग्राफीच्या कागदावर छापून आलं. ही बातमी सोसायटीत कुणी फोडली याचा तपास अजून लागलेला नाही. पण दिवेलागणीच्या आत तळमजल्यावरच्या काकू पानफुटीची कुंडी घेऊन दारात हजर होत्या. त्यांच्यामागून अण्णा आले. अण्णा महसूल खात्यातून निवृत्त झालेत आणि शरीरातल्या कुठल्याही अतिक्रमणावर त्यांच्याकडे काढा असतो. त्यांनी गोखरूच्या काढ्याची बाटली टेबलावर ठेवली आणि ‘बाटली रमची आहे, आत काढाच आहे’ हे कुणी न विचारता सांगितलं. सासूबाईंनी राजापूरहून येणाऱ्या माणसाबरोबर पिशवीभर कुळीथ धाडले. दूधवाल्याने मक्याच्या कणसाचे केस उकळून प्यायला सांगितले. ऑफिसातल्या एकाने केळीच्या गाभ्याचा रस सुचवला आणि केळ तोडायला कोयता घेऊन यायची तयारीही दाखवली. वॉचमनने इकडंतिकडं बघून हलक्या आवाजात ‘साहेब, बिअर’ एवढंच सांगितलं. त्याच्या औषधाला पथ्य नव्हतं.

प्रत्येक औषधाला एक साक्षीदार असतो. तो स्वतः कधी समोर येत नाही. तो कुणाच्या तरी साडूचा भाऊ असतो, बार्शीला नाहीतर मिरजेला राहतो, त्याला चौदा एमएमचा खडा असतो, मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली असते, आणि आदल्या रात्री तो कुणाच्या तरी सांगण्यावरून ती पानं खातो. सकाळी खडा बाहेर. डॉक्टर चाट! या डॉक्टरांना गोष्टीत ‘हे झालंच कसं?’ एवढं एकच वाक्य असतं. गोष्ट जितक्या घरांतून फिरते तितका खडा वाढतो. काकूंकडे चौदाचा असलेला खडा अण्णांपर्यंत पोचला तेव्हा अठराचा झाला होता. मूत्रवाहिनीची आतली पोकळी असते तीन-चार मिलिमीटरची. त्यातून अठराचा खडा एका रात्रीत उतरला असता, तर गोष्ट सांगायला साडूचा भाऊ उरला नसता.

माझे डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी कळ थांबवायला इंजेक्शन दिलं, रोज रात्री घ्यायला एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, ‘‘काका, पाणी प्या. थोडे दिवस वाट बघू. थंडी वाजून ताप आला तर मात्र मध्यरात्रीसुद्धा या.’’ वाट बघणं हा आपल्याकडे कुणी उपचार धरत नाही. जिना उतरता उतरता बायको म्हणाली, ‘‘अहो, पाणी प्या एवढं सांगायचे आठशे रुपये?’’

तिचा धाकटा भाऊ ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तो मला बघायला म्हणून आला आणि टेबलावरचा औषधी बाजार बघून खूश झाला. ‘‘दाजी, आयती संधी आहे. शंभर माणसं शंभर गोष्टी सांगतात. आपण एकदा रीतसर टेस्टच घेऊन टाकू. वही घालतो मी.’’ माझ्या कळवळण्यात त्याला प्रॅक्टिकल दिसत होतं. नियम त्यानेच केले: एका वेळी एकच औषध, बाकी सगळं बंद, आणि रोजची नोंद.

‘‘आणि कळ आली तर?’’

‘‘वेळ लिहून ठेवायची.’’

मुतखड्याची कळ ज्याने सोसली नाही तोच असं बोलू जाणे. ती कुशीत सुरू होते, पुढे फिरून जांघेत उतरते आणि माणसाला कुठल्याच स्थितीत राहू देत नाही. बसवत नाही, निजवत नाही. तो घरभर येरझाऱ्या घालत राहतो. पण तिचा खरा चावटपणा वेगळाच आहे. ती येते तशी जाते. मूत्रवाहिनी आवळली की कळ, सैल पडली की आराम. कळ अगदी टिपेला पोचते तेव्हाच माणूस समोर येईल ते औषध तोंडात टाकतो, आणि टिपेनंतर ती उतरायचीच असते. मग उतार पडायच्या आधी जे पोटात गेलं असेल ते रामबाण. मुतखड्यावरची निम्मी औषधं या फटीत जन्मली असावीत असा माझा संशय आहे.

पहिला मान पानफुटीचा, कारण ती दारात पहिली आली होती.

पानफुटी खायला वाईट नाही. जाड, रसरशीत पान, कडेला कंगोरे. दाताखाली कचकन तुटतं, आधी आंबट आणि मागाहून तुरट लागतं. पान नुसतं मातीवर पडलं तरी कडेच्या प्रत्येक खाचेतून नवं रोप फुटतं, म्हणून ते नाव. काकूंचा विधी असा: दोन पानं, दोन काळी मिरी, सकाळी अनशापोटी चावून खायची आणि वर तांब्याभर पाणी. ‘‘सकाळीच हं. दिवस वर आला की पान बाद होतं.’’ मेहुणा गालातल्या गालात हसला. मग मोबाइल काढून बसला आणि हसायचा थांबला.

कारण काकूंचं म्हणणं दोनशे वर्षांपूर्वी लंडनला छापून आलेलं होतं. बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात होता. त्याने पानफुटीची पानं दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चावून पाहिली. सकाळी ती कडक आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे कडसर. लिनियन सोसायटीने त्याचं हे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध केलं. कारण फार उशिरा कळलं: हे झाड पानांची छिद्रं रात्री उघडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन त्याचं मॅलिक आम्ल करून ठेवतं आणि दिवसा छिद्रं मिटून ते खर्च करतं. म्हणजे पान सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं असतं, इथवर काकू शंभर टक्के बरोबर. त्या आंबटपणाचा खड्यावर काही परिणाम होतो का, हे हाइनने पाहिलं नव्हतं. त्याला बहुधा मुतखडा नव्हता.

काकूंचं दुसरं विधान मात्र वहीत टिकलं नाही. ‘आपली हजारो वर्षांची वनस्पती’ असं त्या जिला म्हणतात, ती मूळची मादागास्करची. शोभेसाठी ती जगभर फिरली. जर्मन कवी गटे तिच्यावर इतका लुब्ध होता की मित्रमैत्रिणींना तिची पानं भेट पाठवायचा. (त्यांच्यापैकी कुणाला खडा होता अशी नोंद नाही.) आयुर्वेदातला पाषाणभेद ही हिमालयातली वेगळीच वनस्पती आहे. पण दगड फोडणारं झाड म्हटल्यावर त्या जागेसाठी गावोगाव उमेदवार उभे राहिले. कुठे पानफुटीला पाषाणभेद म्हणतात, कुठे पानओव्याला. पानओव्याची निदान भजी तरी होतात.

सुश्रुताचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण अण्णा तो दर दोन वाक्यांनी करत होते. सुश्रुतसंहितेत अश्मरीवर, म्हणजे मुतखड्यावर, निदानाचा एक आणि चिकित्सेचा एक असे दोन अध्याय आहेत. वाताच्या अश्मरीचं वर्णन काळपट, खरखरीत, कदंबाच्या फुलासारखी काटेरी असं केलंय. कॅल्शियम ऑक्झलेटचे काही खडे भिंगाखाली धरले तर दुसरं काय दिसतं! वायवर्णा, गोखरू, पाषाणभेद, कुळीथ सगळे तिथे आहेत. पण अण्णा नेमके तिथेच थांबत. सुश्रुत पुढे जातो: खडा नवा असेल तर औषधाने साधतो, वाढला असेल तर शस्त्रच चालवावं लागतं. आणि शस्त्र चालवण्याआधी राजाची परवानगी घ्यावी, कारण काही केलं नाही तर रोगी नक्की मरतो आणि केलं तर वाचेलच असं नाही. आजची हॉस्पिटलं ऑपरेशनच्या आधी सही घेतात ती याच कारणाने. काढ्यावर काढा देत खडा वाढू द्या, असं त्या बिचाऱ्याने कुठेही म्हटलेलं नाही.

आता टेस्ट. मेहुण्याला एक खडा हवा होता, आणि माझा अजून वापरात होता. त्याच्या कॉलेजातल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने स्वतःचा पडलेला खडा अत्तराच्या कुपीत जपून ठेवला आहे आणि स्टाफरूममध्ये नवीन माणूस आला की दाखवतो. हा अभिमान जागतिक आहे. लंडनच्या सॅम्युअल पेप्सने २६ मार्च १६५८ला मूत्राशयातला चेंडूएवढा खडा कापून काढून घेतला, भूल न घेता, कारण भूल तेव्हा नव्हती. पुढे त्याने खडा ठेवायला खास पेटी करवली, आणि त्या तारखेला दरवर्षी मित्रांना जेवण घालायचं ठरवलं. त्या मानाने आमची अत्तराची कुपी साधी. मालकाने खड्याचे काही कण उसने दिले, तेही लेखी.

मेहुण्याने बायकोच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडल्या. एकीत पानफुटीचा रस, एकीत कुळथाचं पाणी, एकीत नुसतं पाणी, एकीत व्हिनेगर. प्रत्येकात खड्याची कणी, आणि व्हिनेगरमध्ये तुलनेसाठी अंड्याच्या कवचाचा तुकडाही. कवच लगेच फसफसायला लागलं. खड्याने एक बुडबुडासुद्धा सोडला नाही. कॅल्शियम ऑक्झलेट व्हिनेगरला दाद देत नाही, हे मेहुण्याला आधीच माहीत होतं. पण शिक्षकाला माहीत असलेलंच प्रयोगात निघालं की फार समाधान वाटतं. पानफुटीचा रस काळा पडला. कुळथाच्या पाण्याला आठवडा उलटायच्या आत असा वास सुटला की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. कण्या जशाच्या तशा. सासूबाईंचा फोनवर खुलासा आला, ‘‘पाणी कढत लागतं हो. आमच्याकडे कढत कुळथाने काळा खडक फुटतो.’’ कोकण रेल्वेला नव्वदाहून जास्त बोगदे खणावे लागले. कुळीथ तिथेच पिकत असून कुणाला सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

मेहुणा मात्र प्रामाणिक. ‘‘दाजी, बरणीतल्या निकालाला तसा अर्थ नाही. पानाचा रस थेट खड्यावर कुठे जातो? आधी जठर, मग आतडं, मग यकृत, मग रक्त. मूत्रपिंडापर्यंत त्यातलं काय पोचतं ते वेगळंच असणार.’’ म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे वळतात. उंदराला पिण्याच्या पाण्यातून चार आठवडे इथिलीन ग्लायकॉल देतात. हेच द्रव्य गाडीच्या रेडिएटरच्या कूलंटमध्ये असतं. शरीर त्याचं ऑक्झलेट करतं आणि उंदराच्या मूत्रपिंडात स्फटिक साचतात. काही उंदरांना त्याबरोबर वनस्पतीचा अर्क देतात. शेवटी सगळ्यांची मूत्रपिंडं कापून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहतात. या परीक्षेत पानफुटी, गोखरू, कुळीथ, वायवर्णा, भुईआवळी सगळ्यांनी बरे गुण मिळवले आहेत. इतक्या झाडांना इतके चांगले गुण मिळाले की मला परीक्षकावर शंका यायला लागते. शिवाय कूलंट पाजून केलेले बारीक स्फटिक कमी होणं वेगळं आणि माझ्या नळीत अडकून बसलेला सहा मिलिमीटरचा धोंडा हलणं वेगळं. आणि उंदीर कितीही बरा झाला तरी तो कुणाच्या साडूचा भाऊ नसतो.

माणसांवरची टेस्ट अवघड आहे ती वेगळ्याच कारणाने. भुईआवळीची परीक्षा ब्राझीलमधल्या संशोधकांनी खडे असलेल्या रुग्णांवर घेतली. ज्यांच्या लघवीत कॅल्शियम जास्त जात होतं त्यांचं ते कमी झालेलं दिसलं, असं २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केलं. बरी गोष्ट आहे, पण तो पुढचे खडे होऊ नयेत याचा विचार झाला. आता अडकलेल्या खड्याचं काय? तिथे साक्षात औषध कंपन्यांच्या गोळ्यांचीही फजिती झाली. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत अकराशेहून अधिक रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. मूत्रवाहिनीत खडा असलेल्या या लोकांतल्या काहींना टॅम्सुलोसिन दिली, काहींना निफेडिपिन, काहींना नुसती दिसायला तशीच, आत काहीच नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ला निकाल आला: तिन्ही गटांत शंभरातल्या ऐंशी जणांना चार आठवड्यांत पुढचा काही उपचार लागलाच नाही. (माझी रात्रीची गोळी यातलीच. मोठ्या खड्यांना तिचा थोडा उपयोग होतो असं अजूनही अनेक डॉक्टर मानतात. तेव्हा हे वाचून कुणी घरच्या घरी गोळी बंद करू नये.)

ऐंशी! ही परीक्षाच अशी आहे की पेपर कोरा दिला तरी ऐंशी मार्क पडतात. काकूंची कुंडी ऐंशीपासून सुरू होते, अण्णांची बाटली ऐंशीपासून, वॉचमनची बाटलीही ऐंशीपासून. त्यातही ज्यांचा खडा पडला नाही ते वीस जण ऑपरेशन करून घेतात आणि पानफुटीचं नाव काढत नाहीत. पडलेले ऐंशी जण आयुष्यभर रोपं वाटतात. पानफुटीने ऐंशीचे पंच्याऐंशी केले एवढं जरी खात्रीने सिद्ध करायचं, तरी पानफुटीवाले सुमारे नऊशे आणि बिनपानफुटीवाले सुमारे नऊशे रुग्ण लागतील, असा हिशेब मेहुण्याने वहीच्या मागच्या पानावर मांडला. आमच्या सोसायटीत फ्लॅट बत्तीस. त्यातले चार बंद.

इतकी माणसं न जमवता निकाल लावला की काय होतं ते इंग्रजांनी पाहिलंय. जोआना स्टीव्हन्स नावाच्या बाईंकडे खडा विरघळवणारं गुप्त औषध होतं. तेव्हा दुसरा उपाय म्हणजे पेप्ससारखं कापून घेणं, त्यामुळे बाईंकडे सरदार, बिशप, मंत्री सगळ्यांची रीघ. बाई म्हणाल्या, पाच हजार पौंड द्या, कृती सांगते. आधी लोकवर्गणी काढली, ती पुरी पडली नाही. मग १७३९ साली पार्लमेंटने पाच हजार पौंडांचं बक्षीस मंजूर केलं आणि कृती सरकारी गॅझेटात छापली गेली. भाजलेली अंड्याची कवचं, भाजलेल्या गोगलगायी, साबण, मध आणि जाळून कोळसा केलेल्या कसल्या कसल्या बिया आणि पाला. त्या काळी पाच हजार पौंडांत लंडनला वाडा झाला असता! गुण आला की नाही हे ठरवायला प्रतिष्ठितांची समिती नेमली. तिने चार रुग्ण तपासले आणि पैसे द्यायला हरकत नाही असं कळवलं. पुढे त्यांतल्या काहींच्या मृत्यूनंतर तपासणी झाली तेव्हा खडे जागच्या जागी होते. पण पैसे अगदीच वाया गेले म्हणता येत नाही. भाजलेल्या कवचाचा चुना खरंच काही करतो का, यावर एडिंबराचे प्राध्यापक पुढे भांडत बसले, आणि खड्यावरचं जरा सौम्य औषध शोधायला गेलेल्या जोसेफ ब्लॅक या विद्यार्थ्याला १७५४च्या सुमाराला एक नवाच वायू सापडला. तो आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणून ओळखतो. पानफुटी रात्री पोटात घेते तो हाच.

वनस्पतीखेरीज एक टेस्ट मला मनापासून पटली. अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांकडे रुग्ण यायचे आणि सांगायचे की डिस्नेच्या रोलर कोस्टरमध्ये बसल्यावर खडा पडला. त्यांनी मूत्रपिंडाची पोकळ प्रतिकृती केली, आत लघवी आणि खरे खडे भरले, ती पिशवीत घातली आणि ती घेऊन पुनःपुन्हा त्या गाडीत बसले. पुढच्या बाकावर शंभरात सतरा खडे सुटले, मागच्या बाकावर चौसष्ट. २०१८चं इग नोबेल त्यांना मिळालं. आपल्याकडच्या एसटीत मागच्या बाकावर बसून ज्याने एकदा तरी मोहोळ-पंढरपूर केलंय त्याला या निकालात नवीन काही दिसणार नाही. महामंडळाने तिकिटावर सवलत नको, पण श्रेय तरी मागावं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: लघवी गाळून घ्या, म्हणजे खडा हाती लागेल. घरात गाळण्या दोन. एक चहाची, एक ताकाची. कुठली, हा प्रश्न मी विचारायच्या आधीच बायकोने दोन्ही कपाटात ठेवून कुलूप लावलं. शेवटी बाजारातून नवी आणली, तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला, आणि तरी घरात आलेला प्रत्येक पाहुणा चहाचा पहिला घोट घेताना जरा थांबायचा.

एके पहाटे त्या गाळणीत खडा वाजला. तांबूस-काळा, एका बाजूला काटेरी; सुश्रुताने पाहिला असता तर ओळखला असता. एवढ्याशा कणाने एवढ्या मोठ्या माणसाला लोळवलं होतं, यावर कुणाचा विश्वास बसेना. मेहुणा वही उघडून बसला. नोंदीप्रमाणे मी फक्त पानफुटीवर होतो. तेव्हा बायको म्हणाली की आईने पाठवलेले कुळीथ काय फुकट घालवायचे, म्हणून ती रोज रात्री त्यांचीच पिठी करत होती. दारातून अण्णा म्हणाले की मी सकाळी फिरताना त्यांच्याकडे जो चहा घेत होतो, त्यात गोखरू होता. मेहुण्याने पेन खाली ठेवलं. काकूंनी मात्र त्याच दिवशी दुपारी पानफुटीची तीन रोपं तीन घरांत पोचवली, आणि मी आता परगावच्या कुणासाठी तरी साडूचा भाऊ झालो. माझा खडा तिथे नऊ एमएमचा आहे असं कळतं.

श्रेय कुणाचं ते कळलं नाही, पण वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. काकूंच्या पानांवर तांब्याभर पाणी होतं. अण्णांचा काढा म्हणजे पाणीच. कुळथाचं कढण, मक्याच्या केसांचं पाणी, सातूचं पाणी, शहाळं, बिअर, सगळ्यांत समान काय असेल तर पाणी. आणि या सगळ्या उमेदवारांत, निदान पुढचे खडे टाळण्याच्या बाबतीत, नीट घेतलेल्या परीक्षेत डोळे झाकून उत्तीर्ण झालेलं तेवढंच आहे. इटलीत पार्माच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा खडा झालेल्या १९९ जणांची पाच वर्षं पाहणी केली. अर्ध्यांना इतकं पाणी प्यायला सांगितलं की दिवसाला दोन लिटर लघवी व्हावी. उरलेल्यांना काहीच सांगितलं नाही. १९९६ला निकाल छापून आला: पाणीवाल्यांत शंभरातल्या बारांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात सत्तावीस जणांना. त्याच मंडळींनी पुढे खाण्याचीही परीक्षा घेतली. दूध-दही बंद केलेल्यांना जास्त खडे झाले. दूध चालू ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्यांना कमी. आपल्याकडे खडा झाला की पहिल्या दिवशी टोमॅटो आणि दूध बंद होतं, आणि पापड-लोणचं बिनधास्त चालू राहतं.

डॉक्टरांनी पाणी प्या म्हटल्यावर आठशे रुपये खटकले. काकूंनी पान दिल्यावर मी तांब्या भरून प्यायलो, रोज, न चुकता. नुसत्या पाण्याला आपल्याकडे कुणी औषध मानत नाही. त्याच्यावर एखादं पान तरंगावं लागतं. हा पानफुटीचा खरा गुण, आणि तो मी मानतो.

तेव्हा पानफुटी खायची तर खा, माफक खा. तिच्या कुळातली झाडं गुरांनी भरपूर चरली तर त्यांच्या हृदयाला बाधतात, म्हणून वाटीभर रस काढून पिऊ नका. वरचं पाणी मात्र चुकवू नका. पडलेला खडा कुपीत ठेवण्याआधी लॅबला द्या. तो यूरिक आम्लाचा निघाला तर पुढचे खडे साध्या औषधाने विरघळवता येतात, ऑक्झलेटचा निघाला तर नाही. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं धरू नका, पुन्हा सोनोग्राफी करा. न दुखता अडकून राहिलेला खडा मूत्रपिंड निकामी करू शकतो. आणि कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर कुणाचा साडू, कुणाची कुंडी असलं काही न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.